दादाच्या सर्व्हरची राहिलेली पूजा

हसायचं तर खुशाल हसा, पण हे आमच्याच घरात घडलंय. २००७ चा दसरा. नाशिक, गंगापूर रोड. आणि रात्र नव्हती हं… भर दुपार होती. श्रीखंडाच्या वाट्या अजून टेबलावरच होत्या.

मी तृप्ती, दहावीत. माझा मोठा भाऊ, हर्षलदादा, इंजिनिअरिंगला होता. त्याने आपल्या खोलीत वेब सर्व्हर बसवला होता. म्हणजे कॉम्प्युटरच, पण दिवसरात्र चालू. दादाची साइट जगाला तिथूनच दिसायची. त्याचा पंखा सारखा वाजायचा.

घर्र… घर्र… टक्.

दोन वर्षांपूर्वी दादा बाइकवरून विंचूरला निघाला. वाटेत अपघात झाला.

दादा गेला.

साइट मात्र चालू राहिली. तिच्यावर त्याच्या आवाजातलं एक इवलंसं रेकॉर्डिंग होतं. "आई, ऐकू येतंय का?" बस, एवढंच. आई रोज ते लावायची आणि रोज उत्तर द्यायची, "येतंय रे राजा."

जुना डबा सारखा बंद पडायला लागला, म्हणून मी नवा जोडला. मदरबोर्डपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळा मी! बाबा म्हणत होते, धूर निघेल. पहिल्याच झटक्यात सुरू झाला. मी तर हवेतच!

तेवढ्यात आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली.

"आधी जुन्याची पूजा करू दे. हर्षल दर दसऱ्याला करायचा."

"अगं, रिटायर होतोय तो! नव्याची कर ना."

"आणि त्याचा आवाज?"

"सगळं कॉपी झालंय गं. किती घाबरतेस!"

मी जुनी डिस्क पुसून टाकली आणि काढून नव्यात बसवली. जुन्याचा पंखा थांबलेला.

घर एकदम… रिकामं झालं.

आईने नव्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. फोटो आले. रेकॉर्डिंगवर क्लिक केलं…

काहीच नाही.

फाइल होती, पण कोरी. जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. दादाचा आवाज मी पुसला होता.

आई रडली नाही. तिने जुन्या डब्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं.

"आई, त्यात आता डिस्कच नाहीये गं…"

"असू दे."

आणि…

घर्र… घर्र… टक्.

जुन्याचा प्लग माझ्या हातात होता.

आईने नव्यावर पुन्हा क्लिक केलं.

"आई, ऐकू येतंय का?"

मी आनंदाने किंचाळणारच होते. पण रेकॉर्डिंग तिथे थांबलं नाही. जरा शांतता… मग बाईमाणसाचा आवाज.

"येतंय रे राजा."

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

ते रेकॉर्डिंग दादाने मित्राकडे केलं होतं. आमच्या घरात माइक कधीच नव्हता.

आई अजून रोज ते लावते. उत्तर मात्र देत नाही, नुसती ऐकते. बाबा म्हणतात, आधीपासूनच तसं असेल. नव्हतं हो!

परवा आवाज वाढवून मी अगदी शेवटपर्यंत ऐकलं. आईच्या उत्तरानंतर बराच वेळ नुसती घरघर. आणि मग, पुसट…

"अगं, रिटायर होतोय तो!"

माझा आवाज.

वर्गात बाई मला गप्प बसवून दमतात. पण दादाच्या खोलीत मी आता एक शब्द बोलत नाही.