मधला गोंडा

"हा हार बरोबर नाही हो," तो म्हणाला.

शुभांगीने मान वर केली. दसऱ्याची सकाळ, बसस्टँडच्या फाटकाशी तिच्या टोपलीतल्या फुलांसाठी ही झुंबड, आणि हा कोण खोड काढणारा?

"काय बिघडलंय त्याचं?"

"डावीकडे झेंडूनंतर शेवंती, उजवीकडे नुसताच झेंडू. अंबडच्या कारखान्यातल्या माझ्या मशीनला चालेल, मला नाही. हार कसा, 'नवजीवन'सारखा हवा."

"म्हणजे?"

"उलटं वाचा ना."

न... व... जी... व... न. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि तिला हसू आलं. 'जी' म्हणजे मधला गोंडा! दोन्ही बाजू सारख्या!

त्याचं नाव समाधान. मग दर गुरुवारी तो हाराला यायचा, सोबत एक शब्द घेऊन. तिने त्याला दुसरा शब्द परत द्यायचा.

"जहाज."

"कणिक!"

"घरात तुम्हीच मळता वाटतं?"

"मग? तुमच्याकडे जहाज मळतात?"

एकदा तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "नयन..." आणि सुई तिच्या बोटात गेली. शेजारी बसलेली आई उगाचच खाकरली.

पण शब्दांच्या पुढे तो कधी गेला नाही.

आज तो आला तो पाठीवर बॅग घेऊन. त्याची पुण्याला बदली झाली होती. आणि आजच संध्याकाळी सिन्नरचे पाहुणे तिच्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होते. आई सकाळीच म्हणाली होती, "मनात दुसरं काही आसंल तर आत्ताच बोल. सुपारी फुटल्यावर माझं काय चालायचं नाय."

"आजचा शब्द?" शुभांगीने विचारलं.

"आज शब्द नाही. माझ्याशी लग्न... कराल? उत्तर मात्र उलटसुलट सारखं हवं." तो हसत होता, पण बॅगेचा पट्टा त्याने घट्ट आवळून धरला होता.

'हो' उलटंही हो. पण 'ना'सुद्धा उलटं ना! एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं अक्षर? ती शब्द शोधत राहिली...

"पुणे, पुणे!" कंडक्टर ओरडला.

"ठीक आहे," समाधान पुटपुटला आणि गेला.

"आगं, बसलीस काय?" आई म्हणाली.

हातातला हार घेऊन शुभांगी धावली. बस हलली होती. खिडकीत त्याचा उतरलेला चेहरा दिसला.

"हो ना हो!"

पहिला 'हो' हॉर्नने गिळला. शेवटचा घंटीने. समाधानला ऐकू आला तो फक्त... 'ना'. त्याने मान फिरवली.

"समाधान!" तिने हार दोन्ही हातांनी उंच धरला. डाव्या बाजूवर बोट ठेवलं. मग गोंड्यावर. मग उजव्या बाजूवर. तिचे ओठ हलत होते, आवाज काही पोचत नव्हता.

तो बघत राहिला. त्याचेही ओठ हलले... एकदा, दोनदा...

बस फाटकापाशीच करकचून थांबली. कंडक्टरच्या शिव्या खात तो उतरला, धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला. मागे आई सिन्नरला फोन लावत होती.

"जीव गेला असता माझा! मधला 'ना' कशाला घातलास?"

शुभांगीने हार त्याच्या हातात दिला.

"गोंड्याशिवाय हार होतो का रे?"