फुलेवाडीतला गिझर

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण निशिगंधा हिच्याबाबतीत घडलेली. ती भांडेल, पण थापा मारणार नाही.

गेल्या डिसेंबरातली. कोल्हापुरात, फुलेवाडीत. आणि रात्रीबित्री नाही, चांगलं उजाडल्यावर.

निशी नोकरीसाठी बिद्रीहून आली आणि सयाजीकाकांची वरची खोली भाड्यानं घेतली. बाथरूममध्ये जुना गॅस गिझर. हवेची जाळी होती, तीही पत्रा ठोकून बंद. पहिल्याच आंघोळीला गॅस कोंडून तिचं डोकं गरगरलं. कशीबशी बाहेर आली.

"काका, गिझर दुरुस्त करून द्या."

"वापरतंय त्यानं दुरुस्त करायचं. आमच्याकडं ह्योच नियम हाय."

"बल्ब गेला तर मी आणीन की. पण गिझर तुमचा हाय. जीव जाईल त्यो माझा!"

काका हसले फक्त.

निशीनं गिझरच्या सिलेंडरचं बटण बंद केलं आणि शेगडीवर पाणी तापवायला लागली.

दोन दिवसांनी सकाळी ती तापलेलं पातेलं घेऊन बाथरूमपाशी गेली, तर दार बंद.

आतून कडी...

खोलीत ती एकटीच राहते.

टक... टक... टक...

आतून कुणीतरी दार वाजवत होतं. हळू. अंगात जीव नसल्यासारखं.

मग तोच आवाज जरा खालून आला.

मग अगदी फरशीजवळून...

मग थांबला.

कडी आपोआप निघाली. आत कुणी नव्हतं. गिझरमध्ये निळी ज्योत जळत होती.

सिलेंडर बंदच होता.

भीतीपेक्षा निशीला राग जास्त आला. ती तशीच खाली गेली. दारात काकांची बायको शालूबाई उभ्या होत्या.

"काकू, माझ्या आदी वर कोण ऱ्हात हुतं?"

शालूबाईंनी एकदा आत बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "साक्षी. वारणानगरची. तिनंबी कितीदा सांगितलं ह्यास्नी. शेवटी बाथरूममधीच गुदमरून..."

"गप्प बस!" काका ओरडले. "गिझरला काय बी झाल्यालं न्हाय. चल, दावतो."

ते वर आले, आत शिरले. निशी दार धरूनच उभी होती. दार तिच्या हातातून ओढलं गेलं...

धाडकन बंद.

"उघड पोरी! उघड!"

"कडी आतनं हाय काका!"

"आतनं कडी लागल्यालीच न्हाय गं!"

ते दोन्ही हातांनी दार बडवत होते. आणि त्या आवाजात आणखी एक आवाज होता. बारीक. फरशीजवळून...

टक... टक...

निशीनं दारावर हात ठेवला. "साक्षी, सोड त्यास्नी. ह्यांच्याकडं मी बघते."

दार उघडलं. काका घामानं भिजले होते. पायरीवर बसले, ते किती तरी वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवा विजेचा गिझर आला. पत्राही निघाला. एवढ्यावर संपायला हवं होतं. पण काकांनी जुना गिझर पोत्यात भरला.

"आमच्या कागलच्या खोलीवर बसवतो. कॉलेजच्या पोरी येणार हैत तिथं."

निशीनं पोतं हिसकावलं. "ह्यो कुठं बी जायाचा न्हाय."

"माझा हाय त्यो गिझर!"

"तुमचा? आज पहिल्यांदा म्हणालासा काका. आता असंच पोलिसांसमोर म्हणा."

काका तसेच जिना उतरले.

ते पोतं अजून निशीच्या गॅलरीत आहे. भंगारात ती देत नाही, कारण भंगारवाला गिझर पुढं कुणाला विकेल याचा भरवसा काय? कधीकधी सकाळी पोत्यातून आवाज येतो. निशी चहा पिता पिता म्हणते, "हाय मी. न्हाय देत कुणाला."

आवाज थांबतो.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं राहायला गेले होते. ती कामावर गेल्यावर धीर करून त्या पोत्यावर हात ठेवला.

गरम होतं...

बाथरूममध्ये आता नवा गिझर आहे, जाळी उघडी आहे, भिण्यासारखं काही नाही असं निशी म्हणते. मी मात्र आंघोळ न करताच घरी परत आले.