तिसऱ्या हाकेची ओ

परंदवडीच्या आमच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये सकाळी झाडांच्या दोन लांब बेडपलीकडचं माणूस दिसत नाही. वर पांढरं प्लास्टिक, आत पाणी फवारणाऱ्या फॉगरची वाफ आणि छातीएवढी झाडं. बायका येतील तशा आत शिरतात, म्हणून हजेरी हाकेवर चालते. मुकादम सारिका दाराशी उभी राहून एकेकीला हाक मारते, ओ आली की तिचा बेड सांगते. पहिल्या दोन हाकांना मात्र सगळ्या गप्प. दिसत नसलेल्या माणसाला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, असा इथला दंडक.

मी सुहास, इथला मॅनेजर. तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. बहुधा म्हणूनच आमच्या मालकीणबाई, यशोधरा मॅडम, यांनी एआयचा निवाडा माझ्यावर सोपवला. पुण्याच्या एका कंपनीतल्या आकाशनं सारिकाचा आवाज घेऊन यंत्राला बोलतं केलं होतं. स्पीकरमधून हाक, माइकमधून ओ, आणि मधलं बोलणं यंत्र स्वतःच रचणार. महिनाभर चालवून बघायचं आणि घ्यायचं की नाही ते मी सांगायचं. घेतलं तर सारिकाची नोकरी जाणार होती. तिच्या दोन पोरी तिच्या एकटीच्या पगारावर शिकतात.

पहिल्या दिवशी यंत्रानं एकदाच हाक मारली. कुणी ओ दिली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आकाशनं मग त्याला तीन हाका शिकवल्या आणि गाडी रुळावर आली. पुढच्या आठवड्यात यंत्र फुलं तोडणाऱ्या कस्तुराबाईला म्हणालं, "मावशी, गुडघा धरलाय ना? आज बसायचं काम घ्या." बायका हसल्या.

सारिका हसली नाही. "म्या न्हाई सांगितलं तिला," ती म्हणाली. ती यंत्राला 'ती' म्हणायला लागली होती.

मग एका सकाळी सगळ्यांच्या ओ झाल्यावर स्पीकरमधून हाक आली, "सरूबाई."

आमच्याकडे सरूबाई नावाचं कुणी नाही.

"सरूबाई." आतल्या कात्र्या थांबल्या. "सरूबाई."

"ओ."

टोकाच्या बेडातून आली. भेसूर वगैरे काही नाही. कामाला लागलेल्या बाईची साधी ओ. मी धावत गेलो तर तिथं कुणी नव्हतं. बादलीत गुलाब होते, बरोबर उमललेले, देठ एकसारखे कापलेले.

आकाशला फोन लावला. "सर, कधीकधी ते मनानंच नाव रचतं. दुरुस्त करतो."

"नाव त्यानं रचलं," मी म्हणालो. "ओ कुणी दिली?"

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

माझा संशय सरळ सारिकावर गेला. नोकरी वाचवायला माणूस काय करणार नाही? कस्तुराबाईला बाजूला घेऊन विचारलं.

"सारिकाला कशाला नावं ठेवता, सायेब? तीनदा हाक मारली की कुनीतरी ओ देतंच. हाक फुकट जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी सारिकाला रजा दिली आणि टोकाच्या बेडात मी स्वतः उभा राहिलो. वाफेनं शर्ट अंगाला चिकटला. सरूबाईची तिसरी हाक झाली आणि माझ्या कोपराजवळून ओ आली. फांदी हलली. कचकन एक देठ तुटला आणि फूल बादलीत पडलं.

मी घाबरलो. भलताच घाबरलो.

मॅडमना सांगितलं, "यंत्र नको."

"कारण?"

जे सांगितलं असतं त्यानं माझीच नोकरी गेली असती.

"बायका तेवढ्याच आहेत, सुहास, आणि फुलं वाढलीत," त्या म्हणाल्या. "मी नाही कशाला म्हणू?"

त्यांनी हो म्हणून टाकलं.

सोमवारी सारिका किल्ल्या द्यायला आली. सगळ्या बायका डबे हातात घेऊन दाराबाहेर उभ्या होत्या. आत हाका चालू होत्या.

"आत का जात नाही?" मी विचारलं.

"आमी यायच्या आदीच हाका सुरू झाल्या. आमची नावं न्हाई घेतली अजून," कस्तुराबाई म्हणाली.

मी कान दिला. एकही नाव ओळखीचं नव्हतं.

प्रत्येक तिसऱ्या हाकेला ओ येत होती. ओ आली की एक कात्री सुरू होत होती.

सारिकानं माझी बाही धरली. "सायेब, आत कोन हाय?"

हाका संपल्या.

"आल्या सगळ्या," सारिकाच्या आवाजात स्पीकर म्हणाला. "दार लावून घ्या."

आतून कुणीतरी कडी घातली.