रिकाम्या हाताची फेरी

पहिल्यांदा हेल्मीला त्याचे फक्त पाय दिसले.

दुकानाच्या काचेपलीकडून एक हिरवी, हलकी कनू होडी उलटी होऊन चालत येत होती. खाली दोन पाय, चिखलाने माखलेले बूट, एका बुटाची नाडी सुटलेली. बाकीचा माणूस होडीच्या पोटात. दारापाशी येऊन होडी थांबली आणि आतून पोकळ आवाज आला, "ही तुमची का? गाठ सोडून एकटीच फिरायला निघाली होती."

"आमचीच आहे," हेल्मी म्हणाली. "आणि तुम्ही कोणाचे?"

होडी जराशी डुलली.

"मी... बेकरीवाल्या मार्गिटमावशीचा भाचा. टोबिन. छप्पर दुरुस्त करायला आलोय, सीमेपलीकडून, ऑन्टारिओहून."

"नाडी बांधा, टोबिन. पडलात तर होडीला पोचे येतील."

"आणि मला आले तर?"

"तुम्ही आमच्या भाड्याच्या यादीत नाही."

होडी हसली. मग ती हळूच कलली आणि खालून एक घामेजलेला, उन्हाने रापलेला चेहरा बाहेर आला. हेल्मीने घाईघाईने नकाशात डोकं घातलं. नकाशा उलटा आहे हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि तळी सुरू होतात, तिथलं ते गाव. मे महिना होता. तळ्यावरचा बर्फ वितळून नऊ दिवस झाले होते. दुकान म्हाताऱ्या आर्वोचं. होड्या, तंबू, वल्ही भाड्याने द्यायची. आणि मार्ग आखून द्यायचे ते हेल्मीने. लोक येऊन सांगत, इतके दिवस आहेत, इतका दम आहे. मग ती पेन्सिलीने रेघ ओढायची. या तळ्यातून त्या तळ्यात, इथे तंबू, इथे पोर्टेज. पोर्टेज म्हणजे दोन तळ्यांमधली पायवाट. तिथे होडी माणसाला नेत नाही, माणूस होडीला नेतो.

कुठल्या पायवाटेवरचा कुठला दगड निसरडा आहे, हे तिला तोंडपाठ होतं. त्यातल्याच एका दगडावरून तीन वर्षांपूर्वी ती होडीसकट कोसळली होती. तेव्हापासून ती धक्क्याच्या पुढे गेली नव्हती. डावा गुडघा बरा झाला, असं डॉक्टर म्हणाले होते. हेल्मीला ते पटवून देणं मात्र कुणाला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोबिन आला तो वेलचीचा गरम पाव घेऊन.

"मार्ग आखायचाय. दोघांसाठी. चार दिवसांचा."

हेल्मीने पाव खाली ठेवला. "दुसरं कोण?"

"नाव... नंतर सांगतो."

"बरं. पोर्टेजवर फेऱ्या किती मारता?" हा तिचा नेहमीचा पहिला प्रश्न.

"एकच. सगळं अंगावर घ्यायचं आणि सुटायचं."

"म्हणजे मधली फेरी तुम्ही कधी चाललाच नाहीत."

"मधली कुठली?"

"पहिल्या फेरीत होडी पोचवायची. मग सामान आणायला रिकाम्या हाताने मागे यायचं. ती मधली." बोलता बोलता तिचा आवाज आपोआप मऊ झाला. "खांद्यावर ओझं नाही, मागे घाई नाही. बाबा माझ्याशी बोलायचे ते त्या फेरीत. एरवी त्यांच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघायचे, त्यातले दोन कुत्र्यासाठी."

तो हसला नाही. नकाशा तिच्यापुढे सरकवून त्याने विचारलं, "कुठे नेऊ? तुम्ही असता तर कुठे गेला असता?"

तिचं बोट विचार न करताच जाऊन टेकलं. जुनिपर तळं. "इथे एक सपाट कातळ आहे, पाण्यात उतरत गेलेला. दिवसभर तापतो. पोहून आलं की ओल्या अंगाने त्यावर पडायचं... ऊन गेलं तरी कातळ गरम असतो."

"मग तिथेच जायचं," तो म्हणाला.

त्यानंतर तो रोज यायचा. छपराचं काम आटपलं की केसात लाकडाचा भुसा घेऊन हजर. आणि रोज मार्ग बदलायचा. हे पोर्टेज नको, चढ आहे. ते नको, दगड फार. बुधवारपर्यंत ते एकमेकांना 'तू' म्हणायला लागले होते, कधीपासून ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"एवढा उंचापुरा माणूस आणि चालायला घाबरतोस?" हेल्मी म्हणाली.

"मी नाही. सोबतीला फार चालवायचं नाहीये."

"नाजूक आहे वाटतं."

"नाजूक?" त्याने कान खाजवला. "छे. जिभेला तर चांगलीच धार आहे."

मागून आर्वो खोकला. वल्ही पुसता पुसता म्हणाला, "हेल्मी, या पोराला एखादा मार्ग देऊन टाक बाई. माझ्या पेन्सिली संपत आल्या."

त्या संध्याकाळी एकटी असताना तिने त्या दोघांसाठी तंबूची जागा निवडली. पश्चिमेकडे तोंड असलेली, वाऱ्याने डास उडून जातील अशी. तिथे बसणारी ती दुसरी कशी असेल? गाल लाल करून लाजणारी असेल. गुडघे तर छानच असतील. हेल्मीने जागेवर गोल केला, खोडला, पुन्हा केला. चांगली जागा होती ती. वाईट जागा देणं तिला जमलं नाही.

शुक्रवारी त्याने वही उघडून टेबलावर ठेवली. "झालं. बघ. छप्पर सोमवारी पुरं होतंय. मंगळवारी निघायचं, नाहीतर मला परत घरी जायचं."

चार पोर्टेज. वीस, पस्तीस, बारा, एकशे ऐंशी. खाली रेघ मारून बेरीज: दोनशे सत्तेचाळीस. आणि पुढे बारीक अक्षरात, 'बेकरी ते पोस्ट'.

"हे काय? बेकरी ते पोस्ट?"

"अंतर," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तेवढंच आहे. अडीचशे मीटर."

हेल्मीने वहीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. "टोबिन, हे मीटर नाहीत."

"म्हणजे?"

"हे रॉड आहेत. इथे पोर्टेज रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे एका होडीची लांबी, पाच मीटर."

"आमच्याकडे नकाशावर मीटर असतात..."

"तुमच्याकडे असतील. हे एकशे ऐंशी म्हणजे नऊशे मीटर. सगळं मिळून सव्वा किलोमीटर."

तो खुर्चीत बसला, कुणीतरी खांद्यावर होडी आणून ठेवावी तसा. मग वही मिटली.

"मग नाही जमायचं," तो म्हणाला. "तेवढं चालायला सांगणं बरोबर नाही."

"तिला विचारून तरी बघ."

"इतके दिवस तेच करायचा प्रयत्न करतोय."

आर्वोचं फडकं थांबलं.

"तू रोज बेकरीवरून पोस्टात जातेस," टोबिन टेबलाकडे बघत म्हणाला. "छपरावरून सगळा रस्ता दिसतो. जाताना लंगडत नाहीस, येतानाही नाही. मी खाली उतरून ते अंतर मोजलं. दोनशे पन्नास मीटर. म्हटलं, याच्या आत बसेल असा मार्ग शोधायचा... मग विचारायचं. मावशीने तुझ्या गुडघ्याचं सांगितलं होतं. आधी विचारलं असतं तर त्याचंच नाव सांगून मोकळी झाली असतीस."

ज्या बाईसाठी तिने वाऱ्याची जागा निवडली, पश्चिम निवडली, जिच्यावर दोन दिवस मनातल्या मनात जळत राहिली...

"छपरावर बसून हेच करत होतास? म्हणून आठवडा लागला होय पत्रे ठोकायला."

"मावशीही तेच म्हणते."

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "गुडघा नाही घाबरत, टोबिन. मी घाबरते. मध्येच थांबायची वेळ आली तर?"

"तर थांबू."

"आणि पुढे जाताच आलं नाही तर?"

"तर मागे फिरू. तेही नाही जमलं तर तिथेच तंबू ठोकू."

"पोर्टेजवर तंबू ठोकायला बंदी आहे."

"मग तू माझी तक्रार कर. मी थांबतो तिथेच."

आर्वोने वल्हं भिंतीला टेकवलं. "त्या नऊशे मीटरच्या वाटेवर पाच दांड्या आहेत," तो कुणालाच न सांगितल्यासारखा म्हणाला. "झाडांना आडव्या बांधलेल्या. होडीचं नाक टेकवून श्वास घ्यायला. तुझ्या बापानेच बांधल्यात त्या, हेल्मी. तू सात वर्षांची होतीस तेव्हा."

त्या कुणी आणि कधी बांधल्या, ते ती विसरली होती. तिला वाटत होतं, बाबा दमायचे म्हणून थांबायचे.

तिने वही ओढून घेतली. एकशे ऐंशीच्या शेजारी पाच ठिपके काढले. ठिपक्यांमधलं प्रत्येक अंतर पोस्टाच्या वाटेपेक्षा कमी भरत होतं. मग रानात जायच्या परवान्याचा अर्ज पुढ्यात घेतला. पहिली ओळ गटप्रमुखाची. तिथे तिने लिहिलं, हेल्मी सारेला. खाली सोबत्याच्या रकान्यात, टोबिन फ्रेझर.

तो उलट बाजूने वाचत होता. "प्रमुख मी होतो ना?"

"ज्याला रॉड आणि मीटर यातला फरक कळत नाही, त्याच्या मागे मी रानात जाणार नाही."

बुधवारी दुपारी ते त्या लांब वाटेला लागले. पुढे हिरवी होडी, खाली दोन पाय, दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या. मागे हेल्मी, हातात फक्त वल्ही. पहिल्या दांडीपाशी थांबले, दुसऱ्या, तिसऱ्या. दांड्या जुन्या झाल्या होत्या, शेवाळलेल्या, पण होडीचं नाक अजून धरत होत्या. तो निसरडा दगड चौथ्या दांडीच्या अलीकडे होता. हेल्मी त्याच्यासमोर उभी राहिली. होडीही थांबली. मग हेल्मी दगडाला वळसा घालून पुढे गेली; किती छोटा होता तो.

झाडांमधून पाणी चमकलं. टोबिनने होडी कातळाशेजारी ठेवली, खांदे चोळले.

"तू बस इथे. कातळ तापलाय. मी सामान घेऊन येतो."

आखलेलं तसंच होतं. तिने कातळावर हात ठेवला, गरम होता. गुडघ्यावर ठेवला... जरा दुखत होता, पण पोस्टातून आल्यावर दुखतो तितकाच. तो वाटेला लागला होता, हात मोकळे सोडून.

"थांब," ती उठली. "इकडून पहिल्या दांडीपर्यंत येते."

"हेल्मी, हे आखलेलं नव्हतं."

"मी प्रमुख आहे."

ते रिकाम्या हातांनी चालायला लागले. थोड्या वेळाने एक हात रिकामा राहिला नाही. पहिली दांडी आली, तिने विचारलंच नाही किती झालं. त्यानेही सांगितलं नाही.

"बोल ना," ती म्हणाली. "ही बोलायची फेरी असते."

"मी..." तो अडखळला. "जून संपेपर्यंत राहू का? बेकरीच्या मागच्या पडवीचंही छप्पर गळतंय."

"खरंच गळतंय?"

"नाही."

"मग राहा," हेल्मी म्हणाली आणि दुसऱ्या दांडीकडे चालू लागली.