फ्रिजवरची चिठ्ठी

"मी अजून करच भरला नाही, मग करखात्याचं हे पत्र कसलं?" लॉर्ना प्रुइटने कागद टेबलावर आपटला.

अमेरिकेतल्या टोलीडोच्या वाचनालयात लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या नडीनबाईंनी चष्मा चढवला. लॉर्ना आणि तिचा नवरा वेड यांच्या नावाने जोडीचा फॉर्म आधीच गेला होता, दोघांच्या सह्यांनिशी. छोट्या ऑड्राच्या पाळणाघराची सवलतही मागितली होती. पण पाळणाघरवालीचा करखात्याचा नंबर जुळत नव्हता. फॉर्मवर त्याच्या शेवटी ४७ होते.

"वेडचंच काम! मेमध्ये घर सोडून गेला मेला. सवलत गेली की पाळणाघर गेलं, आणि पाळणाघर गेलं की माझी नोकरी!"

"गेल्या वर्षाचे शेवटचे सहा महिने तो वेगळा राहिला हे दाखवा. मग सवलत तुम्हाला एकटीला मिळेल."

"वेगळा कसला?" शेजारी विणत बसलेल्या सासूबाई, व्हर्ना, म्हणाल्या. गाडीतून लॉर्नाला त्यांनीच आणलं होतं. "घरोघरी भांडणं असतात."

नडीनबाईंनी पाळणाघरवाल्या ग्रेचेनला फोन लावला.

"गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी घाईत लॉर्नाच्या चिठ्ठीवर नंबराच्या शेवटी चुकून ४७ लिहिलं," ग्रेचेन म्हणाली. "सोमवारी सकाळीच ७४ची चिठ्ठी दिली आणि जुनी परत घेऊन फाडली."

नडीनबाई लॉर्नाकडे वळल्या. "जुनी कुठे होती?"

"फ्रिजवर."

"वेडकडे किल्ली?"

"मेमध्येच कुलूप बदललं."

"त्या रविवारी घरी कोण आलं होतं?"

लॉर्नाचा चेहरा लाल झाला. ट्यूना माशाचं कॅसरोल, भट्टीत भाजलेलं जेवण, घेऊन एकच बाई आली होती.

"चुकीचा नंबर त्या घरात फक्त रविवारी होता," नडीनबाई म्हणाल्या. "वेड आत येऊ शकत नव्हता. फॉर्म तुम्ही भरलात, व्हर्ना. सुनेची सहीही तुम्हीच ठोकलीत."

"माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढलात!" लॉर्ना ओरडली. वाचनालयातली डोकी वळली.

व्हर्नांच्या सुया खाली पडल्या. "कागदावर तरी जोडी टिकावी म्हणून केलं! आणि माझ्या पोराचं काय? तू हाकललंस! मेपासून माझ्या सोफ्यावर झोपतोय, तिन्ही त्रिकाळ मी खायला घालतेय! एक रात्र तरी तुझ्याकडे होता का?"

नडीनबाईंनी शब्द न् शब्द कागदावर उतरवला आणि पेन व्हर्नांपुढे केलं.

"वेड वेगळा राहिल्याचा एवढाच पुरावा हवा होता. करा सही. या वेळी स्वतःची."