कचेरीतलं बाक

"मीनाबाई इंद्रसिंग गिरासे, मुक्काम आंबळदे. तुमची मुलाखत झाली, बाई," नंदुरबारच्या कचेरीतला कारकून मान वर न करताच म्हणाला. "गेल्या मंगळवारीच. नवऱ्याकडे जायचं नाही म्हणालात, फाइल बंद झाली."

मीनाबाई त्या कचेरीची पायरी जन्मात पहिल्यांदा चढली होती!

तासाभराने ती हिलाल देवऱ्यांच्या खोलीत भिंतीशी बसून रडत होती. देवरे पोलीसखात्यातून बाहेर पडून खाजगी तपास करत. खाली छत्र्यांचं दुकान होतं भटू वाण्याचं. फेब्रुवारीत छत्री कोण घेतो? म्हणून भटूचा मुक्काम वरच असे.

मीनाबाईबरोबर तिची थोरली नणंद जसोदाबाई आली होती. बोलण्याचं काम तीच करत होती. धाकटा भाऊ इंद्रसिंग युगांडात कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. लग्न करून महिन्याने परत गेला, त्याला तीन वर्षं झाली. आता बायकोला बोलावलं होतं. पण लग्न खरं आहे आणि बाई राजीखुशीने जाते आहे, हे तिने कचेरीत साहेबापुढे सांगितल्याशिवाय परवाना मिळत नव्हता. बोट महिनाअखेरीस मुंबईहून सुटणार होती. ती चुकली की पुन्हा अर्जापासून सुरुवात.

"साहेब, मी कचेरीमा गवूच नही," मीनाबाई पदराआडून म्हणाली. "बलावाना कागदबी माले भेटना नही."

"रडू नको, बैन," जसोदाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातातली माया भटूला बघवेना. स्वतःच्या बहिणीलाही त्याने कधी असं समजावलं नव्हतं.

देवरे आणि भटू कचेरीत गेले, तर साहेब चहाला गेलेले. चहाहून आले ते जेवायला गेले. जेवून आले तेव्हा फाइल सापडेना. सापडली तेव्हा कपाटाची किल्ली सापडेना. भटूच्या डोक्यात आपल्याच दुकानातली सगळ्यात जाड छत्री कारकुनाच्या पाठीवर मोडावी असे विचार येऊ लागले.

"बाई बोलावण्याचा कागद घेऊन आली होती," साहेब शेवटी म्हणाले. "पदर हनुवटीपर्यंत. गिरास्यांच्या बायका, मी तोंड कसं उघडायला सांगू? घरातलं सगळं बिनचूक सांगितलं. नवऱ्याच्या गुडघ्यावरची खूणसुद्धा. मग म्हणाली, जायचं नाही."

"अंगठा घेतला असेल ना? ताडून पाहा."

"पुण्याला पाठवू. सहा महिन्यांत उत्तर येईल."

"बोट महिनाअखेरीस आहे हो!"

"मग ती बाई दुसरी होती, असं शाबीत करा. खोटं बोलणारीला समोर उभं करा, मी फाइल उघडतो."

भटूने कपाळावर हात मारून घेतला. बाहेरच्या व्हरांड्यात एकुलतं एक बाक होतं. देवऱ्यांनी शिपायाला विचारलं, ती बाई कुठे बसली होती? शिपायाने बाकाकडे बोट दाखवलं. पुढचं विचारायच्या आत तो विडी प्यायला निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं आंबळद्याला पोचले. ओट्यावर सासू धनुबाई बसली होती, साठीला टेकलेली. थोरली सून वत्सलाबाई तूर पाखडत होती, मीनाबाई तिला हातभार लावत होती. अंगणात बाजेवर जसोदाबाई लसूण सोलत होती.

मंगळवारी मीनाबाई एकटीच घरी होती. बाकी तिघी नंदुरबारच्या बाजाराला गेल्या होत्या आणि तिथे पांगल्या होत्या. धनुबाई तेल्याकडे, वत्सलाबाई कासाराकडे, जसोदाबाई मिरची बघायला. कागदाचं विचारलं, तर पोस्टमनने तो ओट्यावर टाकला एवढंच सगळ्यांना ठाऊक. उचलला कोणी, ते कोणालाच माहीत नाही.

"मीना गयी तं सगळं काम मन्हाच गळामा," वत्सलाबाई पदर तोंडात धरून म्हणाली. "पन मी तिनं वाईट कसाले करू?"

"मन्हा आंडोर तठे हातवर भाकर थापी ऱ्हायना," धनुबाई लेकाच्या काळजीने कडाडली. "मी सूनले अडवसू का?"

भटूने देवऱ्यांच्या कानाला लागून सांगितलं, "वत्सलाबाईच. कामाचा कंटाळा."

"तुम्ही छत्र्या विका," देवरे म्हणाले.

इतक्यात अंगणाच्या तोंडाशी काठी वाजली. गावातले सगळ्यांत वडीलधारे लोटनआप्पा येत होते. धनुबाई गुडघे धरत ओट्यावरून खाली उतरली आणि पाठमोरी झाली. वत्सलाबाई सूप टाकून आत पळाली. मीनाबाई खाली उतरून भिंतीकडे तोंड करून बसली.

"या काका, बठा," म्हणत जसोदाबाईने बाजेवरच जरा सरकून जागा केली.

आप्पा बसलेच नाहीत. त्यांची काठी मीनाबाईच्या पाठीवर रोखली गेली. "परदेशमा जावाना आगोदरच हाई थेरं! मंगळवारले कचेरीमा बाकवर बठेल व्हती. मी समोर उभा, तरी उठनी नही! शिपाईले इचारं, कोन शे? तो म्हने, तुमना इंद्रसिंगनी बायको."

"मी नही व्हतू, आप्पा!" मीनाबाई भिंतीशीच हुंदके देऊ लागली.

आप्पा फणफणत निघून गेले. भटूला वाटलं, झालं! गावच्या वडीलधाऱ्याचीच साक्ष, आता हिला कोण वाचवणार? बाई खोटं बोलते आहे की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यालाच चीड आली.

देवरे मात्र पहिल्यांदाच हसले.

"धनुबाई, बसा वर," ते म्हणाले. "कागद या ओट्यावरून गेला. इंद्रसिंगच्या गुडघ्याची खूण परक्या बाईला कशी कळणार? म्हणजे कचेरीत गेली ती याच घरातली. हे तुम्हालाही कळलं असतं, भटूशेठ."

"मी तेच म्हणत होतो. वत्सलाबाई..."

"वत्सलाबाई आत्ता सूप टाकून आत पळाली. मीनाबाई भिंतीशी गेली. धनुबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या उतरल्या. या घरच्या सुनांना आप्पा दिसले की पाय आपोआप उठतात, विचार करावा लागत नाही. कचेरीतल्या बाईने तोंड झाकायचं आठवणीने सांभाळलं, पण बाकावरून उठायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. कारण या गावात कोणापुढे उठायची वेळ तिच्यावर जन्मात आलेली नाही. गावच्या सुनेला उतरावं लागतं, लेकीला नाही. आणि या घरात लेक एकच आहे."

जसोदाबाईच्या हातातला लसूण बाजेवर पडला. धनुबाईने लेकीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"हाव, मीच गवू," जसोदाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मन्हा धनीबी असाच आफ्रिकामा गया. दहा वरीस व्हयनात, चिठ्ठी नही, पत्ता नही. या घरमा मन्हासंगे हाई मीनाच बोलस. ती गयी तं कोन बोली?"

मीनाबाई उठून तिच्याजवळ आली आणि बाजेच्या पायाशी बसली. तिला राग आला होता, तो तिने लपवला नाही. "ताई, माले सांगी देतीस," एवढंच ती म्हणाली. "माले इचारतीस तरी."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जसोदाबाईने सगळं कबूल केलं. साहेबांनी तिला तीनदा तुरुंगाची भीती घातली. मीनाबाई म्हणाली, नणंदेला आत टाकणार असाल तर मला परवाना नको. साहेब वैतागले, कारकुनावर ओरडले आणि नवा जबाब घेऊन शिक्का मारून मोकळे झाले.

चौघं बाहेर आली. देवरेही वैतागलेले होते, पण निराळ्या कारणाने.

"दहा वर्षं!" ते जसोदाबाईवर खेकसले. "माणूस हरवला आणि दहा वर्षांत शोधायला कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारंच नही, साहेब."

"मी विचारतोय. आता मीनाबाई तिकडे निघाल्यात, इंद्रसिंग आहे, चार ठिकाणी चौकशी होईल. नवऱ्याचं नाव सांगा."

गावात कोणापुढे न उठणाऱ्या जसोदाबाईने पदर ओढून हनुवटीपर्यंत आणला. ती भिंतीकडे वळली आणि तिचे खांदे हलू लागले. मीनाबाईने तिच्या पदराला कान लावला आणि आतून पुटपुटलेलं नवऱ्याचं नाव देवऱ्यांना सांगितलं.