जुना की यंदाचा

धूर आधी वरच्या मजल्यावर पोहोचला, आणि मग तिथला दातांचा डॉक्टर खाली आला. मी काही म्हणेपर्यंत पांढऱ्या कोटातल्या त्या माणसाने बटण बंद केलं आणि आत्याच्या ओव्हनमध्ये बादलीभर पाणी ओतलंसुद्धा.

"काय जळत होतं?" तो धापा टाकत म्हणाला.

"जव."

"लक्ष नव्हतं का?"

"लक्ष ठेवूनच जाळत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या भुवईला काजळी लागली होती आणि रागवावं की हसावं, हे मला कळेना. माझं हे नेहमीचंच आहे. हॉटेलात मेन्यू कार्ड पुढे आलं तरी मला घाम फुटतो.

मग मी समजावून सांगितलं. मी उत्खननात सापडलेले दाणे ओळखते. हजारो वर्षं मातीत टिकतात ते जळलेलेच, बाकीचे कुजून जातात. त्यांच्याशी ताडून बघायला आजचे दाणेही तसेच जाळावे लागतात.

"म्हणजे मी तुमच्या मेहनतीवर पाणी फिरवलं."

"बादलीभर."

भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने दात साफ करायच्या जुन्या बारीक सळ्या आणून दिल्या. दाण्यांवरची माती काढायला त्या फार छान चालतात. मग त्या चालतात का, ते बघायला आला. मग उगाच आला. "ह्याला पेशंट नाहीत का गं?" आत्या विचारायची आणि चहाचं आधण वाढवायची. हळूहळू अहो-जाहो संपलं. मी त्याला डॉक्टर म्हणायचे, तो मला जळितवाली.

पण तो येत होता कुणासाठी… माझ्यासाठी, की दाण्यांसाठी? मी मान वर करावी तर तो माझ्याकडेच बघत असायचा, आणि लगेच काहीतरी अभ्यासू विचारायचा.

"हा रानटी जव, हे कसं ओळखतेस?"

"रानटी जव पिकला की ओंबीतून आपोआप गळतो. बुडाशी गुळगुळीत असतो. शेतातला मळून काढावा लागतो, म्हणून तुटल्याची खडबडीत खूण राहते."

"म्हणजे शेतातल्याला कुणीतरी ओढावं लागतं."

"हो."

"मला धुराने ओढलं," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला चिमटा पडला.

आमच्या उत्खननात सगळ्यांत खालच्या थरात आतापर्यंत रानटीच जव मिळाला होता. शेतातला एक जरी मिळाला असता, तरी तिथल्या माणसांनी आम्हाला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधी पेरणी सुरू केली असावी, असं म्हणता आलं असतं. तसं झालं तर उत्खननाच्या प्रमुख असलेल्या मॅडम मला समुद्रापलीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. कॉलेजपासून मी त्याचीच वाट बघत होते.

एका रविवारी सकाळी डॉक्टरने माझ्यासोबत शेतातल्या यंदाच्या जाळलेल्या ओंब्या हातांनी चोळल्या आणि दुपारी त्याच कोटात आमच्या प्रयोगशाळेत आला. त्याचा हात स्थिर म्हणून मॅडमनी त्यालाही एक चिमटा दिला होता. संध्याकाळी माझ्या ताटलीत, सगळ्यांत खालच्या थरातल्या दाण्यांमध्ये, तो दाणा दिसला. काळा, भरलेला, बुडाशी खडबडीत.

"मॅडम…" एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. डॉक्टरही हसला, पण अर्ध्यावरच थांबला.

"म्हणजे तू जाणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला, हातावर कोट टाकून. तळहात उघडला तर दोन जळके दाणे.

"बाहीच्या दुमडीत सापडले. सकाळच्या ओंब्यांतले. तुझ्या ताटलीतलाही… माझ्याच बाहीतून पडला असेल."

मी ते दाणे बोटाने उलटवून पाहिले. आणि पाठोपाठ संशय आला.

"मी जाऊ नये म्हणून सांगतोयस?"

"जाऊ नयेस असं वाटतंच. म्हणून तर रात्रभर धीर होईना. खरं सांगूनही तुला खोटंच वाटणार."

तो खरं बोलत असेल तर माझी संधी गेली. खोटं बोलत असेल तर… मला थांबवायला कुणी इतकं खोटं बोलतंय, ह्याचा संताप यावा की गुदगुल्या व्हाव्यात? दोन्ही एकदम होत होतं. मी दार लावून घेतलं आणि आत तशीच उभी राहिले. तोही बाहेर उभाच असावा, कारण पावलं वाजली नाहीत.

मॅडमना सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडून दाण्याचे दोन भाग केले आणि एक वय तपासायला पाठवला. निकाल यायला कितीतरी आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांत डॉक्टर खाली आलाच नाही. छतातून त्याच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू यायची, आणि ती थांबली की माझा जीव वरखाली व्हायचा. दाणा जुना निघावा म्हणून मी देवाला विनवायचे, आणि मग आठवायचं की जुना निघाला तर जावं लागेल. देवही चक्रावला असेल.

निकाल आला. दाणा यंदाचा होता.

"वेळेवर कळलं, नाहीतर नाचक्की झाली असती," मॅडम म्हणाल्या. "ताटल्या अजून पुष्कळ आहेत."

मी रडले, तोंड धुतलं आणि थेट त्याच्या दवाखान्यात गेले. तिथे बसायला रिकामी होती ती पेशंटची खुर्चीच, तिच्यातच बसले.

"यंदाचा निघाला," मी म्हटलं.

मला वाटलं, तो सुटकेचा श्वास टाकेल. त्याचा चेहरा पार उतरला.

"जुना निघावा असं फार वाटत होतं गं."

"मग मी गेले असते."

"मागून मीही आलो असतो. दात काय, सगळीकडेच किडतात."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. बोलायला तोंड उघडलं, तर त्याने सवयीने दिवा लावून आरसा आत घातला.

"तू मला आवडतेस," तो माझ्या दाढांकडे बघत म्हणाला. "दाणे नाही… म्हणजे दाणेही, पण आधी तू. तुला काय वाटतं?"

"आँ," मी म्हटलं.

"नीट सांग ना."

आरसा काढायचं त्याच्या लक्षातच येईना. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काय सांगायचंय ते पक्कं ठाऊक होतं. शेवटी मीच त्याचं मनगट धरून आरसा बाहेर काढला, "हो" म्हटलं, आणि ते मनगट तसंच धरून ठेवलं.